फलटणला न गेलेले तात्यासाहेब

सांगलीच्या गणपती पेठेत तात्यासाहेबांचं हळदीचं दुकान, आणि दुकानातल्या फोनवर त्रिशला मगदूम. मॅट्रिक झाली त्या साली बाप गेला, पाठच्या दोघांची शाळा हिच्यावर आली. अकरा वर्षं तिनं फोन सांभाळला. म्हणजे काय केलं, तर दिवसातून वीसदा खोटं बोलली. तात्यासाहेब समोर गादीवर शेंगा फोडत असायचे. नको असलेल्या माणसाचा फोन निघाला की ते नुसती मान हलवायचे, आणि त्रिशला म्हणायची, "फलटणला गेलेत." खोटं मालकाचं, तोंड हिचं.

कुंडलच्या आकारामची हळद तात्यासाहेबांच्या हरिपूरच्या पेवात होती. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. एकदा तोंड बंद केलं की उघडायचं ते व्यापाऱ्याच्या मर्जीनं. आकारामला माल काढायचा होता, तात्यासाहेबांना भाव चढायची वाट बघायची होती. म्हणून आकाराम फोन करायचा आणि फलटण ऐकायचा. शेवटी तो गडी एस्टीनं खरोखरच फलटणला गेला. तिथली पेठ पालथी घातली आणि दुसऱ्या दिवशी, तात्यासाहेब जेवायला घरी गेले असताना, दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या ऐकण्यात कायतर चुकलं आसंल. तिथं न्हवतं ते."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दशलक्षणात, म्हणजे जैनांच्या दहा दिवसांच्या पर्वात, 'उत्तम सत्या'च्या दिवशी त्रिशलानं बस्तीत, म्हणजे जैन देवळात, मुनींपुढं नियम घेतला: वर्षभर खोटं बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. तात्यासाहेबांनी मान हलवली. त्रिशला फोनात म्हणाली, "इथंच आहेत, देते."

शेंग हातातच राहिली. फोन आटपल्यावर तिनं नियमाचं सांगितलं, तसे ते म्हणाले, "अगं, नियम बस्तीत पाळायचा. पेठेत कोण पाळतं?"

"बस्तीत मला फोन कुठं येतो, तात्यासाहेब?"

"लय शानी झालीस. सोमवारपर्यंत ठरव. नियम तरी सोड, न्हाईतर फोन."

दोन दिवस तिच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. धाकटा यंदा मॅट्रिकला होता.

सोमवारी टेबलावर एक यंत्र बसलेलं. जावयानं कुवेतहून आणलेलं. फोन आला की ते आपणच उचलायचं, टेपात भरलेलं वाक्य ऐकवायचं आणि शिट्टी मारून समोरच्याचा निरोप भरून घ्यायचं. तात्यासाहेब खुशीत होते. "तू नको बोलू खोटं, यंत्र बोलंल. फक्त एकदा ह्यात आवाज भर. लोकांना तुझाच वळखीचा." त्यांनी कागद पुढं केला. वर लिहिलेलं, 'तात्यासाहेब फलटणला गेले आहेत.'

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग ध्यानात आलं, आजवर ती दुकानात बसून खोटं बोलत होती. आता घरी निजलेली असतानाही बोलत राहील.

तिनं कागद पालथा घातला, कळ दाबली आणि सावकाश बोलली, "तात्यासाहेब आत्ता फोनवर येत नाहीत. शिट्टी झाली की नाव, गाव आणि काम सांगा. मी त्यांना ऐकवीन."

तात्यासाहेबांनी ते दोनदा वाजवून बघितलं. नाव ठेवायला जागा सापडेना.

"ह्यात खोटं काय न्हाई?"

"नाही."

"आन मला बोलावंबी लागत न्हाई."

"ऐकावं मात्र लागेल."

त्यांनी यंत्र तिच्याकडं सरकवलं. "बस जाग्यावर," म्हणाले.

पहिले चौघे नुसते हॅलो हॅलो करून गेले. त्यात एकानं यंत्राचा बाप काढला. पाचवा आकाराम. शिट्टी झाली तसा तो बोलू लागला. "बाई, मी आकाराम, कुंडलचा. पेव कवा उघडणार तेवढं सांगा. आन पुन्ना फलटणला धाडू नगा, ती एस्टी लय हाडं खिळखिळी करती. हितं सोसायटीच्या फोनपाशी बसलोय."

टेप ऐकून तात्यासाहेब आधी हसले. मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाले, "खरंच गेलता व्हय त्यो?"

"दिवस मोडून गेला होता."

बराच वेळ ते टरफलं गोळा करत राहिले. "गुरुवारी उघडू म्हणावं."

त्रिशलानं कुंडलचा कॉल लावून घेतला. "आकारामदादा, गुरुवारी पेव उघडतंय. या."

आकारामनं विचारलं, "यंत्र बोलतंय का तुमी?"

"मी बोलतेय."

"मग येतो."

तिनं फोन ठेवला. अकरासुद्धा वाजले नव्हते. तिनं डबा उघडला आणि दोन्ही भाकऱ्या तिथंच बसून खाल्ल्या.