मंगलाबाईंनी ओळखलेला माणूस

आमच्या टॅक्सी स्टँडवरचे ड्रायव्हर एका बाबतीत पक्के होते. नवीन काही निघालं की आधी विरोध. सीटबेल्टला विरोध, गणवेशाला विरोध. २००९ साली मी संघटनेचा सेक्रेटरी म्हणून प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवायचा ठराव मांडला, तेव्हा तर असा गोंधळ घातला की जणू मी गाड्यांची चाकंच काढून मागितली होती. गिऱ्हाईक बिचकेल, कॅमेऱ्यात जादा भरलेली सीट दिसतील, अशी कारणं होतीच. पण सगळ्यांचं मुख्य म्हणणं एकच, "आपल्याकडं मंगलाबाई हायेत ना, मग कॅमेरा कशाला?"

मंगलाबाईंची मुंबई रस्त्यावर, पाथर्डी फाटा ओलांडला की चहाची टपरी होती. नवरा गेल्यावर त्या टपरीवरच त्यांनी मुलाला, महेशला, मोठं केलं. महेश पुढे आमच्याच स्टँडवर टॅक्सी चालवू लागला. बाईंचा आवाज करडा, पण हात सढळ. लहान मूल दिसलं की त्याच्या हातात दुधाचा ग्लास आधी, मग बाकीच्यांचा चहा.

१९९७ मध्ये आमचा हिरामण दोन अनोळखी माणसांना घेऊन इगतपुरीकडे गेला, तो परत आलाच नाही. प्रेत घाटात सापडलं. ती माणसं कशी दिसत होती हे सांगणारं कुणीच नव्हतं. मग आम्ही एक रीत पाडली. अनोळखी माणसांनी पूर्ण गाडी केली, तर ड्रायव्हरने चहाच्या निमित्ताने मंगलाबाईंच्या टपरीवर थांबायचं. त्या प्रत्येकाला विचारायच्या, "साखर कमी का जास्त?" माणूस मान वर करून उत्तर देणारच, आणि तेवढ्यात त्या चेहरा पाहून घ्यायच्या. आमच्या गाड्याही मग दुसऱ्या टपरीवर थांबत नसत. बाईंचा धंदा त्यावरच चालायचा.

पुढे बरीच वर्षं काही घडलं नाही. त्या काळात चोरांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसेल, पण श्रेय आम्ही बाईंच्या नजरेला देऊन मोकळे झालो.

२००८ च्या थंडीत आमच्या लहानूची गाडी लुटली गेली. दोघा जणांनी टपरीवर चहा प्यायला आणि घाटात त्याच्या डोक्यात लोखंडी सळई घातली. लहानू वाचला, पण त्याला काहीच आठवेना. गाडी घोटीजवळ एका वीटभट्टीमागे सापडली. भट्टीवर काम करणाऱ्या बुधाला पोलिसांनी संशयावरून धरलं. तो पेठ तालुक्यातला, पोटासाठी बायको-पोरीला घेऊन खाली आलेला. ओळख परेडसाठी मंगलाबाईंना बोलावणं आलं. रांगेत उभ्या असलेल्या माणसांतून त्यांनी जराही न घुटमळता बुधाकडे बोट केलं. आम्ही स्टँडवर पेढे वाटले.

उन्हाळा लागता लागता खरे लुटारू दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले. लहानूचा मोबाईल त्यांच्याकडेच होता. दोघांनी कबूलही केलं आणि बुधा सुटून गावी गेला. बाईंना तो ओळखीचा का वाटला, याचा उलगडा मग झाला. भट्टीवर कामाला जाताना तो फाट्यावर उतरला होता आणि त्याने टपरीवर चहा घेतला होता. चेहरा बरोबर होता, दिवस चुकला होता. टपरी बंद ठेवून बाई एसटीने पेठकडे गेल्या, एवढं आम्हाला कळलं. तिथे काय झालं, ते त्यांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

तरीही आमचे शहाणे कॅमेऱ्याच्या बैठकीत म्हणतच होते, "एखाद्या वेळी चूक व्हायचीच." सगळ्यांत मोठा आवाज महेशचा होता. का, ते उघड होतं. कॅमेरे बसले की आईच्या टपरीवर गाडी थांबवायचं कारणच उरणार नव्हतं.

तेवढ्यात मंगलाबाई स्वतः आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"माझ्या भरवशावर राहू नका," त्या म्हणाल्या. "बसवा कॅमेरे."

"मावशी, एका चुकीनं काय होतं?" कुणीतरी म्हणालं.

"काय होतं ते बुधाला इचारा. मी गेले व्हते त्याच्याकडं. वाटलं, शिव्या घालंल, दारात उभं करणार नाय. त्यानं बसायला पोतं टाकलं. म्हणला, 'बाई, तुमी माझ्या पोरीला दूध पाजलं व्हतं. असली बाई खोटं कशाला बोलंल? म्हणून कोठडीत बसल्या बसल्या मलाच वाटाया लागलं, दारूच्या नशेत माझ्याच हातनं तर झालं नसंल?'" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्यानं काय बी केलं नव्हतं. तरी त्याला सोताचाच भरवसा राहिला नाय. माझ्यामुळं."

 

"आई, मग गाड्या थांबणार नाहीत," महेश हळूच म्हणाला.

"नको थांबू दे."

ठराव मंजूर झाला. कॅमेरा नसेल त्या गाडीला स्टँडच्या रांगेत नंबर नाही. सगळ्यांत आधी हात वर केला तो महेशने.

दिवाळीपर्यंत सगळ्या गाड्यांत कॅमेरे बसले. माझा ठराव पास झाला होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या रस्त्याने जाताना टपरीवरची रिकामी बाकडी दिसली की वाईटच वाटायचं. एकदा महेशच्या गाडीत मी पुढे बसलो होतो, मागे मुंबईची दोन अनोळखी माणसं. टपरी आली तसा महेशचा पाय ब्रेकवर गेला. मंगलाबाई एकट्याच स्टोव्हपाशी उभ्या होत्या. गाडी हळू झालेली पाहून त्या चिडल्याच, आणि हात झटकत त्यांनी खूण केली, थांबू नकोस, जा.