आबांच्या जीपची नळी

कुठलाही जोड दिसला की आबा त्याच्याखाली करंगळी फिरवायचे, ती नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "येतंय."

येतंय म्हणजे गळतंय. मग तो अंगणातला नळ असो, गॅसची शेगडी असो, नाहीतर लग्नाच्या मांडवातलं पाण्याचं पिंप. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बायकोच्या नव्याकोऱ्या किटलीच्या चोचीखाली करंगळी घालून म्हणाले, "येतंय." ती किटली तेव्हापासून माळ्यावर आहे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या भिंतीला भिंत लावून घर घेऊ नका, एवढंच सांगतो. मी घेतलं होतं. कडेगावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायची आणि घरी आल्यावर आबांचं ऐकायचं, असा माझा दिनक्रम होता.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. मी राहायला आलो तेव्हा ती शेडमध्ये गप्प उभी होती आणि आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिच्या बॉनेटवर शेंगा वाळवत होत्या. मुलाचं तिकडे मदुराईला गलाईचं दुकान, सोनं वितळवून शुद्ध करायचं. दिवाळीला येतोय असा त्याचा फोन आला आणि सोबत एक निरोप आला: रविवारी विट्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईल, जीप देऊन टाकायची.

आबा तडक माझ्याकडे आले.

"मास्तर, पोरगं दिवसभर सोनं वितळवतंय. लोखंडाची त्याला काय किंमत?"

"पण आबा, जीप बंदच आहे की."

"त्येच म्हंतोय! चालत्या गाडीला भंगार म्हनायची कुनाची टाप न्हाई. रविवारच्या आत चालू झाली पायजे."

दुखणं एकच होतं. पंपाला डिझेल नेणाऱ्या स्टीलच्या नळीचा हातभर तुकडा गंजून गेला होता. तिथून हवा आत शिरते आणि हवा शिरली की डिझेल इंजिन चालू होत नाही. हे आबांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी ते वर्गात फळ्यावर लिहिलं असतं.

मी म्हणालो, "रबरी नळी लावू. दोन क्लिपा मारल्या की झालं."

"रबर? आवं, जीपला सलाईन लावताय व्हय?"

"मग सांगलीला नेऊन करून आणू. वर्कशॉपवाला चहा पिईपर्यंत देईल."

"बर्फात नळी बदलल्याली हाय म्या. आता नळी मांडीवर घिऊन यश्टीत बसू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक माणूस नळीचं टोक पट्टीत आवळतो, वरून शंकूसारखा स्क्रू फिरवतो आणि नळीचं तोंड फुलासारखं उमलतं. मग नट त्या तोंडाला मागून दाबून धरतो आणि जोड घट्ट बसतो. हत्यार स्वस्त होतं. मी ते मागवून टाकलं, सोबत नवी स्टीलची नळीही.

पेटी उघडून आबांनी त्या पट्टीचा वास घेतला. "खेळन्यातलं दिसतंय."

पहिला तुकडा मी करवतीने कापला. मुलांना सरळ रेघ मारायला शिकवणारा मी, नळी अशी कापली की टोक खिडकीकडे बघत होतं. आतली कड कानशीने घासायची राहिली, त्यामुळे तोंड फुलता फुलता चिरलं. आबांनी करंगळी फिरवली. "वठ फाटला."

दुसऱ्या तुकड्याला पट्टीने धरलंच नाही. स्क्रू फिरेल तशी नळी खाली सरकत गेली. "तेल लावा," आबा म्हणाले. मी पट्टीला तेल लावलं. ते स्क्रूला लावायचं होतं. नळी सटकून आक्कांच्या शेंगांत जाऊन पडली.

तिसऱ्या तुकड्याला मात्र जमलं. काय तोंड फुललं म्हणून सांगू! गोल, गुळगुळीत. मी लगेच फोटो काढला. दुसरं टोकही तसंच केलं आणि आबांसमोर धरलं. आबांनी मुठीतून दोन नट काढून माझ्यासमोर ठेवले.

नट आधी नळीवर ओवायचे असतात. तोंडं फुलल्यावर ते कुठूनही चढत नाहीत.

"आबा, तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं की."

"मग बोलला का नाही?"

"तुमी एवढं रंगात आला हुता. म्हटलं, मोडा कशाला?"

त्या क्षणी मी हत्यार, आबा आणि जीप तिन्ही भंगारवाल्याला फुकट दिलं असतं.

मग आबांनी बाह्या सरसावल्या. "बगा आता. आधी नट." नट ओवले. पट्टी पान्याने आवळली, स्क्रूला तेल दिलं, हलक्या हाताने फिरवत दोन्ही तोंडं फुलवली. तोंडं देखणी झाली. आबांनी विजयाने नळी उचलली, आणि आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की दोन्ही नट उलटे आहेत. आटे आतल्या बाजूला, पाठ तोंडाकडे. आता ते निघतही नव्हते आणि लागतही नव्हते. नळी तिरकी केली की नुसते इकडून तिकडे धावायचे.

आक्का शेंगा निवडत म्हणाल्या, "दोगांस्नी जलमठेप झाली की वं."

मी हसलो. आबा हसले नाहीत. नळी ठेवून शेडमध्ये गेले आणि जीपच्या सीटवर बसून राहिले. मी मागोमाग गेलो. स्टेअरिंगवर हात ठेवून ते म्हणाले, "लगीन ठरल्यापास्नं हिला म्हंतोय, म्हायेरच्या जत्रला माज्या गाडीत बसवून न्हेतो. जीप घेतली आन् नेमकी तवाच बिगाडली. उद्या भंगारवाला न्हेनार." मग माझ्यावरच डाफरले, "आन् तुमी फोटू काढत बसताय!"

रविवारी सकाळी एकच तुकडा उरला होता. यावेळी आबा माझ्यासमोर बसले आणि दोन्ही नट चिमटीत धरून राहिले. मी स्क्रू फिरवत होतो आणि ते दर वेढ्याला म्हणत होते, "नट धरलाय. सरळ धरलाय." मला इतकं चिडायला झालं की घाम आला. पण जमलं. नळी बसली. पंपाचं बटण दाबून दाबून हवा काढली.

टेम्पो दारात आला तेव्हा आबा जोडाखाली करंगळी फिरवत होते. नाकाशी नेली. "येतंय" म्हणाले नाहीत. आक्कांना हाक मारली, पुढच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. जीप खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. दिवाळीसाठी आदल्या रात्रीच पोचलेला मुलगा आणि भंगारवाला हात वर करून बाजूला झाले. आबा थांबलेच नाहीत. जत्रेला अजून अवकाश होता, तरी ते आक्कांच्या माहेरच्या रस्त्याला लागले.

मुलगा धुरात उभा राहून म्हणाला, "मास्तर, ब्रेक लागत्यात का?"

ब्रेक आम्ही पाहिलेच नव्हते.

संध्याकाळी दोघं परत आले. आक्कांच्या मांडीवर माहेरची वांगी होती. आबा उतरून आधी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला नट मी धरनार न्हाई. तुमचं तुमी बगा."

पुढची वेळ आलीच नाही. गेल्या पावसाळ्यात आबा गेले. मुलगा आला, सगळे विधी झाले. एका सकाळी तो शेडपाशी उभा दिसला. मला वाटलं, आता टेम्पो येणार. त्याने मला चावी दिली. "मास्तर, चालू करा की जरा."

जीप चालू झाली. तो वाकला आणि त्या हातभर नळीच्या जोडाखाली त्याने करंगळी फिरवली. नाकाशी नेली.

"भंगारवाल्याला कधी बोलावलंय?" मी विचारलं.

"चालती गाडी हाय, मास्तर," तो म्हणाला आणि करंगळी सदऱ्याला पुसली.

परसात आक्का त्याच्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या. उलट्या नटांची ती नळी त्यांनी कधीच फुंकणी करून टाकली आहे. फुंकर घालायला त्या वाकल्या की दोन्ही नट खडखडत एका टोकाला जातात, फुंकणी खाली ठेवली की दुसऱ्या.