दुसऱ्या शिफ्टचा मसालेभात

तानुबाईंचा मसालेभात बाधला म्हणणाऱ्याशी मी कडाकडा भांडले असते. पण म्हणणारे सगळे सलाईनवर! मी कस्तुरा, चाकणला त्यांच्या खाणावळीत पोळ्या लाटते. नवरा गेल्यावर परभणीहून आलेल्या या बाईनं एका स्टोव्हवर ही खाणावळ उभी केली. कुणी अर्धपोटी उठलेलं त्यांना खपत नाही.

खंडेनवमीला शेजारच्या कंपनीत मशीनपूजा होती. दुपारी आमचा भात गेला आणि रात्री दुसऱ्या शिफ्टची पोरं ओकून ओकून आडवी. झालं! कंपनीनं डबे थांबवले, गाळामालक म्हणाला, गाळा रिकामा करा. मला तर रडूच कोसळलं.

तेवढ्यात आरोग्य खात्याची योगिनी आली. प्रत्येकाला तेच विचारी, काय खाल्लं, कधी खाल्लं.

मी भडकले. "आमची खाणावळ बुडतेय, आणि तुम्ही जेवणाच्या चौकशा कसल्या करताय?"

"त्यातच सापडेल, ताई," ती हसून म्हणाली.

आणि सापडलं की! त्याच पातेल्यातला भात पहिल्या शिफ्टनं दुपारी हाणला, एकालाही काही नाही. दुसऱ्या शिफ्टचा प्रीतम नवरात्राच्या उपवासामुळं जेवला नव्हता, पाणी मात्र सगळ्यांबरोबरचं प्यायला, तो ठणठणीत. मग मधल्या वेळात भात होता कुठं?

सुपरवायझर जयसिंगभाऊ डोकं खाजवत पुढं आले. पूजेला दुसऱ्या शिफ्टचा वाटा काढल्याशिवाय पहिलीनं जेवायचं नाही, ही तिथली रीत. भाऊंनी मायेनं तो वाटा गोणपाटात गुंडाळून भट्टीशेजारी ठेवला होता, ऊब राहावी म्हणून. थेट संध्याकाळपर्यंत!

"कोमट भातात जंतू वाढतात, भाऊ. त्यांचं विष मग गरम करूनही जात नाही," योगिनी म्हणाली. "भात गरमागरम संपवायचा, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये. शिफ्ट दोन, तर दोनदा शिजवा."

भाऊंनी हात जोडले. तानुबाई म्हणाल्या, "अहो, पोरांसाठीच केलंत ना!" त्यांच्या जागी मी असते तर चांगलं सुनावलं असतं.

गाळा वाचला, पण खाणावळ उघडली तेव्हा पोरं दारातच घुटमळत उभी. कुणी आत येईना. तेवढ्यात योगिनी आली आणि सरळ पाटावर बसली.

"मावशी, मसालेभात वाढा. भूक लागलीय."

एकदा घेतला, पुन्हा मागितला. मग काय, पोरं एकमेकांना ढकलत आत घुसली! तानुबाई डोळे पुसत, हसत वाढत होत्या. माझं पीठ संपलं, तरी कुणी उठेना.