मातीचा लाडू आणि आईचा मोगरा

कुंदाताईंची नि माझी पहिली भेट चिखलात झाली. नायगावची चाळ सोडून आम्ही नव्या टॉवरमध्ये आलो आणि आईचा मोगरा बाल्कनीत पिवळा पडू लागला. आईने जाहीरच केलं, "ह्यो मोगरो मेलो तर मी गावाक जातंय. माका हयसर करमणा नाय." जीव झाडाचा टांगणीला होता, पण जाणार होती आई.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. लिफ्ट बंद होती, गुडघे दुखत होते, तरी त्या जिना उतरून आल्या. खत विचारलं नाही, औषध विचारलं नाही. कुंडीतली ओली माती तळहातावर घेतली आणि चक्क कडबोळं वळलं!

"बघ, मोडतंय का? चिकण आहे रे ही. पाणी उतरणार कुठून? मुळं गुदमरलीत."

चूक अस्सल कोकणी होती. गावची तांबडी माती म्हणून आईने पोतंभर आणवून कुंडीत ठासली होती. चाळीपासूनच्या शेजारीण शिंदेकाकू गालात हसल्या खऱ्या, पण त्यांनी साताऱ्याहून आणलेल्या काळ्या मातीला तर भेगा पडल्या होत्या. कुंदाताईंनी दोघींची माती एकत्र केली, त्यात जाड रेती आणि शेणखत मिसळलं.

आईचा चेहरा उतरला. "आमच्या मातयेत घाटावरची माती?"

"अहो वहिनी, जन्मभर एका नळावर भांडलात ना दोघी? आता एका कुंडीत नांदा!"

मूठ दाबली की लाडू वळावा, बोट लावलं की फुटावा, ही कुंदाताईंची कसोटी. स्वतः लाडू वळून पाहिल्याशिवाय त्या कुणालाही रोप देत नाहीत. आता तर आमच्याकडे हळदीकुंकवालाही बायका कुंदाताईंना दाखवायला डब्यातून माती घेऊन येतात, आणि वाणापेक्षा चर्चा तिचीच जास्त!

आणि मोगरा? काय सांगू, नुसता लगडलाय! मे महिन्यात गावी चल म्हटलं तर आई माझ्यावरच खेकसते, "आणि मोगऱ्याक पाणी कोण घालतलो?"

आज कुंदाताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. आई आणि शिंदेकाकू सकाळपासून एकाच दोऱ्यात त्यांच्यासाठी गजरा ओवतायत, अर्थातच भांडत. ताई, तुमचे गुडघे बरे होवोत आणि तुमचा हा हात असाच धड राहो. शंभरीचा गजराही याच कुंडीतला असणार आहे. तुम्ही फक्त अंबाडा तयार ठेवा!