निर्मळच्या मामांचा शोषखड्डा

वसईत पाण्यावर प्रेम करणारी माणसं पुष्कळ असतील, पण सांडपाण्यावर जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे निर्मळ गावचे मामा. त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे, पण वाडीबद्दल विचारलं तर "बरी आहे" एवढ्यावर आटपतात. ड्रेनेजबद्दल विचारलं की समोरचा चहा गार होतो, दुसरा येतो, तोही गार होतो. आमच्या एव्हरशाईनच्या फ्लॅटवर आले की चप्पल काढून थेट बाथरूममध्ये जातात, बादलीभर पाणी ओततात आणि नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे पाणी जायच्या जाळीपाशी, कान लावून बसतात. मग बाहेर येऊन आईला डॉक्टरच्या आवाजात सांगतात, "ताई, घाबरू नकोस, अजून चालेल." माझ्या मावसबहिणीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा सगळे मुलाला बघत होते आणि मामा मुलाच्या घरामागे एक चक्कर मारून आले. "पोरगा चांगला आहे, पन संडासाला वास जायची नळी नाही," त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. मुलाच्या वडिलांनी लग्नाआधी नळी बसवली. ती मंडळी अजूनही मामांचं नाव काढतात. आदराने काढतात का, ते मी विचारलेलं नाही.

गावात बांधकामाची रीत सोपी आहे: आधी खणायचं, परवानगीचं मागाहून बघायचं. मामांचं सगळं उलटं. परवानगीच्या ऑफिसात जायचं म्हणजे इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध आणि स्कूटरवर मागे मी, कारण नियम इंग्रजीत. "ही आमची भाची, इंग्लिश मीडियम!" असं ते शिपायापासून सगळ्यांना सांगत. मला अनोळखी माणसासमोर स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. तरी तिथल्या बाकावर बसून, चारचौघांत, सेप्टिक टँकचे नियम मी मोठ्याने वाचून अर्थासकट सांगितले आहेत. मामा डोळे मिटून ऐकत आणि प्रत्येक कलमाला "वा!" म्हणत.

यंदा मात्र गोष्ट घरातलीच निघाली. मामी घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, कमोड घरात असेल तरच घरी न्या. मामांचा संडास वाडीच्या पार टोकाला. म्हणून मामी आचोळ्याला स्वतःच्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये राहिल्या, आणि वाडी सोडून कधी न राहिलेली ती बाई रोज फोनवर एकच विचारू लागली, "मला कधी नेताय?"

मामांनी घरातच संडास बांधायचं ठरवलं. गवंडी म्हणाला, "मामा, चार दिवसांत बांधून देतो. कागद मागाहून आना."

"पानी खाली जायला कागद मागत नाही," मामा म्हणाले, "म्हनून मानसाने मागायचा."

परवानगीच्या ऑफिसातले साहेब पाहणीला आले. घरामागे सांडपाणी जमिनीत जिरवायच्या शोषखड्ड्याची जागा चुन्याने आखलेली होती. मामांच्या विहिरीपासून नियमातलं अंतर बरोबर भरलं. साहेब सही करणार, एवढ्यात मामाच म्हणाले, "साहेब, कुंपनापलीकडं पन बघा." तिकडे झावळ्यांच्या ढिगाआड शेजाऱ्यांची विहीर होती, अगदी जवळ. शेजारी कधीच फ्लॅटमध्ये राहायला गेलेले आणि विहिरीवर लाद्या टाकलेल्या.

"हिचं पाणी कोण पितं?" साहेब वैतागले.

"आज कोनी नाही. पन खालचा झरा कुठं गेलाय राहायला?"

साहेबांनी पेन खिशात घातलं. संध्याकाळी फोनवर मामी एवढंच म्हणाल्या, "लोकांच्या बंद विहिरीची काळजी, आणि माझी?" मामांनी फोन ठेवला आणि कपाटातून मोजायची टेप काढली.

दुसऱ्या दिवशी टेपचं एक टोक मामांच्या हातात आणि दुसरं माझ्या, असे आम्ही वाडीभर पळत होतो. "ओढ! अजून ओढ!" शेवटी सगळ्या नियमांत बसणारी एकच जागा सापडली, आणि मी चक्क ओरडले. ती होती पुढच्या अंगणात, नेमकी तुळशीवृंदावन होतं तिथे. भावकी उसळली. "तुळशीच्या जागी संडासाचा खड्डा? डोकं फिरलं काय रे तुझं?" मामांनी कुणाशी वाद घातला नाही. मला घेऊन ते तडक आचोळ्याला गेले आणि मामींसमोर मान खाली घालून उभे राहिले.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. "तुळशीला चालता येत नाही, मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "दोघींत उचलायला ती हलकी. न्या तिला मागच्या अंगणात."

जिना उतरताना मामा दोन-दोन पायऱ्या गाळत होते. "बघितलंस? हिला इंजिनीयर करायला पायजे होती!"

परवानगी मिळाली, टाकी आणि शोषखड्डा झाला, नळी बसली आणि मामी घरी आल्या. वॉकर टेकत त्या नव्या बाथरूममध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. मामांनी सवयीप्रमाणे भिंतीला कान लावला. पाणी सुटलं, कुठेही न अडता पाइपातून खाली गेलं आणि शांत झालं. आता पाइपाच्या उतारावर भाषण होणार म्हणून मी तयारीत होते. पण मामा हललेच नाहीत. भिंतीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"अजून तिथंच आहात का?" आतून मामींनी विचारलं.

"हो."

मग मामींचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"राहा मग."