शेपूट कापलेली गाठ

आमच्या घरी भात किती शिजवायचा हे लाइटवर ठरायचं. लाइट गेली की भिवंडीतल्या नारपोलीचे लूम बंद. लूम बंद म्हणजे कापड नाही, आणि बाबांना मजुरी मिळायची ती विणलेल्या मीटरवर. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. ती गेली की बाबा कारखान्याबाहेर इतर कारागिरांबरोबर भिंतीला टेकून बसायचे. आली की धावत आत. रात्रीची शिफ्ट दिवसा, दिवसाची रात्री, असं सगळं उलटंपालटं. मधल्या बसण्याचे पैसे कोण देणार?

बाबांच्या कानांत लूमचा आवाज कायमचा बसला होता. त्यांना हळू बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. नवीन माणसाला वाटे, यांच्या घरात रोज भांडण आहे.

आई घरी धागे कापायची. विणलेल्या कापडावर इकडेतिकडे धाग्यांची टोकं राहतात, ती छोट्या कात्रीने कापून कापड साफ करायचं. व्यापाऱ्याच्या माणसाने गठ्ठे आणून टाकले की आमच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. आई, मोठी बहीण आणि मी, तिघी गुडघ्यावर कापड ओढून बसायचो. कापलेले धागे उडून डाळीत पडायचे. सातवीत असल्यापासून माझी ती छोटी कात्री माझ्याजवळच असायची. कुठेही टोक लोंबकळताना दिसलं की माझा हात आपोआप जायचा. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीच्या ओढणीचं टोक कापून मी बोलणीही खाल्ली आहेत.

आमच्या घरात कोणी काही पुरं केलेलं नव्हतं. हे मी रागाने लिहीत नाही, जसं होतं तसं लिहिते. बाबांची शाळा सातवीत सुटली. आईची तर खारबावला तिसरीत. भावाने आयटीआय अर्ध्यात टाकलं आणि गोडाऊनमध्ये माल चढवायला लागला. बहिणीचा शिवणक्लास चार महिन्यांत बंद झाला. प्रत्येकाला कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. म्हणून मी बारावी पास होऊन कॉलेजचा फॉर्म आणला तेव्हा बाबा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, "एक वर्ष बघतो. हातात घेशील ते पुरं केलंस तर पुढचं वर्ष. आधा छोडा, तर कॉलेज पण तिथेच सोडायचं. मग कांडी मशीनवर ये सूत गुंडाळायला."

बाबा बोलले की ते बदलत नसे. मी हो म्हटलं.

कॉलेजमध्ये दुसऱ्याच महिन्यात एका मॅडमनी वर्गावर येऊन एक उपक्रम सांगितला. वर्षभराचा. दर आठवड्याला लोकांसाठी काही काम करायचं, एक नवीन कौशल्य शिकायचं आणि शेवटी पाच जणींच्या गटाने तीन दिवस डोंगरात स्वतःच्या पायांवर चालून दाखवायचं. तिन्ही झालं तर प्रमाणपत्र. मी घरी येऊन सांगितलं. आई कापडावरून मान वर न करता म्हणाली, "काय गो बाय, डोंगरान जाऊन काय मिलनार हाय? इथं बसून चार गठ्ठे कापलेस तर मिलतील तरी."

बाबांनी कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. "हे पुरं होतं का? का वर्षानुवर्षं चालत राहतं?"

"डोंगरातले तीन दिवस चाललं की पुरं होतं."

"मग कर. पण घेतलंस तर हेच तुझं. ह्याच्यावरच बघणार मी."

अशी माझी सगळी पुढची वर्षं त्या तीन दिवसांना बांधली गेली.

लोकांसाठीचं काम म्हणून मी एका दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहायला लागले. लिहिता न येणाऱ्यांचे केसपेपर लिहून द्यायचे. बहुतेक लूमवरचे कारागीर, उत्तरेकडून आलेले. पहिले काही दिवस मी नुसतं "उमर?" म्हणून विचारायची आणि समोरचा म्हणायचा, "लिख दो चालीस." त्याच्यामागचाही चाळीस. त्याच्यामागचा म्हाताराही चाळीस. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "आज भिवंडीत सगळे एकाच वर्षी जन्मले का?" मग मी प्रश्न बदलला. लूमवर लागलास तेव्हा मिशी फुटली होती का? त्याला किती वर्षं झाली? उत्तरं येऊ लागली, बेरीज मी करायची. मी घरात गप्प आणि वर्गात त्याहून गप्प असणारी मुलगी. त्या खिडकीशी मला अनोळखी माणसाला प्रश्न विचारता यायला लागला. घरच्या ओरडून बोलण्याच्या सवयीचा इथे उपयोग झाला, लूमवाल्यांचे कान सगळीकडे सारखेच.

कौशल्य म्हणून मी दोर आणि गाठी निवडल्या. यात मला कोण हरवणार, असं वाटलं. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्याचा, तार तुटला की कारागीर दोन टोकं घेऊन डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ मारतो. बाबांनी ती मला खेळता खेळता शिकवली होती. ती बारीक गाठ, तिच्या वर उरलेली टोकं, म्हणजे शेपटं, अगदी जवळून कापायची. नाहीतर गाठ लूमच्या फणीतून जात नाही, अडकते आणि तार पुन्हा तुटतो. चांगली गाठ म्हणजे कापडात न दिसणारी गाठ.

डोंगर चढणारे एक सर आम्हाला शिकवायला यायचे. दोन दोर जोडायची त्यांची गाठ बघितली आणि मी ओरडलेच, "ही तर बाबांची!" त्यांचं दाखवून व्हायच्या आत माझी बांधून तयार. आणि कात्रीने शेपूट साफ.

सर म्हणाले, "शेपूट वीतभर ठेवायचं. ताण सैल झाला की दोर सरकतो."

"हो सर," मी म्हटलं. मनात म्हटलं, माझी नाही सरकत.

आमच्या गटातल्या दोघींची नावं न घेता ओळख सांगते. एक मानकोलीची, शेतावर गोडाऊन उभी राहिलेल्या घरातली, तिला सतत भूक लागायची. दुसरीच्या घरचे लूम होते, जुनं कोकणी मुसलमान घर. माझ्या बाबांसारखी माणसं त्यांच्याकडे कामाला असत. मी तिला सेठानी म्हणायची आणि ती मला धागावाली. पहिल्या दिवशी ते टोचून बोलणं होतं, डिसेंबरपर्यंत हाक झाली होती. नकाशा तिच्याकडे असायचा. उरलेल्या दोघी जुळ्या, दोघी मिळून एका जणीइतकं बोलायच्या.

नियम साधा होता. तिसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत ठरलेल्या गावी पोचायचं. मॅडम आणि सर लांबून मागे येणार, पण बोलणार नाहीत. कोणाला लागलं तर लगेच शिट्टी मारायची, त्यात कमीपणा नाही. पण शिट्टी मारली की मोहीम तिथे थांबली, अपुरी. पुन्हा पुढच्या वर्षी. मला पुढचं वर्ष नव्हतं.

शहापूरकडच्या डोंगरात पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट एका कातळावर आली. दोन पुरुष उंचीचा कातळ. बाजूने मुळं धरून उतरता येत होतं, पण पाठीवर सॅक घेऊन नाही. ठरलं की सॅक दोराने खाली सोडायच्या आणि आपण मोकळं उतरायचं. वरच्या झाडाला वेढा देऊन आमचा एक दोर पुरेना, म्हणून जाड दोराला बारीक दोर मी जोडला. घट्ट ओढला. शेपटं लोंबत होती. मी खिशातून कात्री काढली.

आता लिहितानाही मला तो आवाज ऐकू येतो. कट. कट.

चार सॅक नीट खाली गेल्या. पाचवी सगळ्यांत जड. तिच्यात तांदूळ, डाळ, स्टोव्ह आणि पातेलं. अर्ध्यात ती कातळातल्या एका टप्प्यावर टेकली, दोर क्षणभर सैल पडला, मी पुन्हा ओढला आणि माझ्या हातात नुसता दोर आला. सॅक घरंगळत, आपटत खाली ओढ्याकडे गेली. पातेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता.

आम्ही पाचही जणी खाली उतरलो.

"सुटली कशी पण?" सेठानीने विचारलं.

"मी शेपूट कापलं."

"काय कापलंस?"

"गाठीचं शेपूट. सरांनी ठेवायला सांगितलेलं. मी कापलं."

"का गो?"

"दिसत होतं म्हणून."

जुळ्यांपैकी एक रडायला लागली. मानकोलीची म्हणाली, "शिट्टी मारूया. मला तर आत्ताच भूक लागलीय, दोन दिवस काय खाऊ? दगड?"

लागलं कोणालाच नव्हतं. शिट्टी मारली असती तर ती भुकेची शिट्टी असती आणि चूक माझी होती. मी म्हटलं, "कोणी शिट्टी मारू नका. मी जाऊन सॅक आणते. नाही मिळाली तर मी स्वतः मारीन."

"एकटीने कुठे जायचं नाही, नियम आहे," सेठानी म्हणाली आणि तिने बुटांच्या नाड्या आवळल्या. "मी येते. धागावालीला एकटी सोडली तर डोंगराचं पण टोक कापून येईल."

ओढा दिसत होता तेवढा जवळ नव्हता. करवंदीच्या जाळ्यांतून आम्ही कधी बसून, कधी घसरत उतरलो. सेठानीची बाही फाटली. तिने फाटलेलं टोक माझ्यासमोर धरलं. "घे, काप." मला हसू आलं आणि मग एकदम रडू. ती म्हणाली, "रडायचं तर चालता चालता रड. वेळ नाही."

सॅक ओढ्यातल्या दगडांत तोंड वासून पडली होती. ओढा कोरडा होता हे नशीब. स्टोव्ह मोडला होता. पातेल्याला एवढा पोचा की झाकण बसेना. डाळ गेली. तांदूळ निम्मे पिशवीत, निम्मे रेतीत. रेतीतले मी गुडघ्यांवर बसून वेचायला लागले. धागे कापून कापून माझी नजर बारीक झाली होती, दाणा आणि खडा मला पटकन वेगळे दिसत होते. तरी ओंजळीत थोडे खडे आलेच.

परत वर येईपर्यंत दुपार टळली होती. तीन दगड मांडून, काटक्या पेटवून आम्ही तो भात मीठ घालून खाल्ला. मानकोलीची दर घासाला "कुट्ट" असा आवाज करून दाखवायची. चौथ्या कुट्टला जुळ्याही हसल्या.

पुढे दुसरा कातळ होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोर सेठानीपुढे धरला. "तू बांध."

"मला नाय येत तुझ्यासारखी. तूच बांध."

"आणि सुटली तर?"

"बांध तर आधी. मग मी बघते."

मी बांधली. शेपूट वीत मापून ठेवलं. कात्री खिशातून काढून सेठानीला दिली, ती तिने ओढणीच्या टोकात गाठ मारून ठेवली. मग मी त्या चौघींना एकेक करून गाठ ओढून बघायला लावली. बाबांच्या कारखान्यात कोणी कोणाची गाठ तपासत नाही, तिथे तो अपमान असतो. मला त्या दिवशी तसं वाटलं नाही. पाचही सॅक खाली गेल्या.

गेलेला वेळ भरून काढायला आम्ही तिसऱ्या दिवशी उजाडताच चालायला लागलो आणि पाण्याखेरीज कुठे थांबलो नाही. माझ्या टाचांचे फोड फुटले होते. ठरलेल्या गावातल्या शाळेच्या पायरीवर आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मॅडमनी वहीत वेळ लिहिली आणि विचारलं, "काही अडचण?"

मी सगळं सांगितलं. कात्रीसकट.

सर म्हणाले, "सॅक पडताना मी बघितली. शिट्टीची वाट बघत उभा होतो."

"मारली नाही, सर."

"ते कळलं," ते म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले.

घरी बाबांना सगळं ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे माझी चूक चाळीतल्या सगळ्यांनी ऐकली. बाबा म्हणाले, "गाठ बराबर माझी. शेपूट कापायची खोड तुझ्या आयची."

आई गठ्ठ्यामागून म्हणाली, "हां, वाईट त्ये माझं! धागा न्हाय कापला तर शेठ पैसं कापतो, त्ये न्हाय सांगत पोरीला!"

बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ऐकू आलं नसेल किंवा आलं असेल. मला विचारलं, "पुरं केलंस ना?"

"केलं."

"कोणाची मदत?"

"सरांची नाही, मॅडमची नाही. गटातल्या मुलींची घेतली."

त्यांनी थोडा विचार केला. "चालेल. पुढच्या वर्षाचा फॉर्म आण."

मी दुसऱ्या वर्षाला बसले, मग तिसऱ्या. त्या उपक्रमाचं प्रमाणपत्र मला मिळालं. पुढे मी बी.कॉम. झाले, सेकंड क्लासमध्ये, एकही विषय मागे न ठेवता. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली आहे.