शेजाऱ्यांकडे ठेवलेली गाणी

गोवंडीत पंखे दुरुस्त करणारे धोंडिराम जोंधळे दर चौदा एप्रिलला घरोघर फिरून लोकांच्या पेनड्राइव्हमध्ये वस्तीच्या गायनपार्टीची भीमगीतं भरून द्यायचे. मुलगी प्रियंका वैतागायची. "पप्पा, सगळं इंटरनेटवर टाकलंय ना. कशाला हा उद्योग?"

"सगळं एकाच्याच घरी ठेवलं, की त्यानं दार लावल्यावर आपण रस्त्यावर," ते गुरकावायचे.

यंदा ज्या इंटरनेट कंपनीकडे गाणी टाकली होती, तिनं खरंच दार लावलं. खातं बंद, आणि वर निरोप, गाणी तुमचीच असल्याचा पुरावा द्या. प्रियंका रडकुंडीला आली. धोंडिराम गल्लीत उतरले आणि त्यांनी नुसती हाक दिली.

संध्याकाळपर्यंत टेबलावर एकतीस पेनड्राइव्ह जमले. शेजारच्या सुंदराबाईंच्या पेनड्राइव्हमध्ये तर बाईंनी स्वतः गायलेलं एक जुनं गाणं निघालं, जे धोंडिरामांकडेही उरलं नव्हतं. ते लावताच सुंदराबाईंनी दारातच टाळ्यांवर ताल धरला आणि अख्खी गल्ली गायला लागली.

त्या गोंगाटात प्रियंका नवं खातं उघडायला बसली. "पप्पा, पासवर्ड सांगा. विसरणार नाही असा."

"काहीही ठेव गं. विसरलो तरी चालेल," धोंडिराम म्हणाले, "शेजाऱ्यांची नावं पाठ आहेत मला."